अर्धा डाग

"आई, तुला यातलं काय कळतंय, राहू दे ना."

हे वाक्य मी गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला, आमच्या बेसमेंटमधल्या कपडे धुवायच्या सिंकपाशी उभं राहून म्हणालो. ओरडलो वगैरे नाही. दमलो होतो, मंडळाच्या गणपतीचा कार्यक्रम उरकून, खुर्च्या रचून, उरलेल्या मसालेभाताचे डबे गाडीत टाकून आत्ताच घरी आलो होतो. आणि आई अंगावरची पैठणीसुद्धा न बदलता सिंकवर वाकून तिची दुसरी साडी, चिंतामणी रंगाची इरकल, नळाखाली धरून उभी होती. लेझीमच्या पोरींपैकी एकीला नेसवायला म्हणून ती साडी कापडी पिशवीत घालून नेली होती, पिशवी मी माझ्या हाताने गाडीत मागच्या सीटच्या पायाशी डाव्या कोपऱ्यात कोंबली होती, आणि कार्यक्रमाच्या जागी पिशवी उचलली तेव्हा खालून ओली. गाडीतलं ऑइल. तळहाताएवढा डाग, काठाच्या जरा वर. पोरीला दुसऱ्या कुणाचीतरी साडी नेसवली, कार्यक्रम झाला, कुणाला काही कळलंही नाही. आई मला काही बोलली नव्हती. नळाखाली साडी चोळता चोळता एकदम थांबली आणि म्हणाली, "अरे, हे ऑइल न्हवंच." आणि मग माझं ते वरचं वाक्य.

वाक्य माझं नाहीच खरं तर. ते अण्णांचं, माझ्या वडिलांचं आहे.

गाडीबद्दल सांगतो. १९६६ची फोर्ड मस्टँग, कन्व्हर्टिबल म्हणजे छप्पर उघडणारी, फिकट निळी, टप पांढरा. आपल्याकडे गाडीच्या छपराला टप म्हणतात त्या अर्थी टप, यष्टीच्या टपावर बसून आलो म्हणतात तो. इथे टॉप म्हणतात, मला दोन्ही शब्द इतके जवळचे वाटतात की मी घरी टपच म्हणतो आणि माझी लेक तिच्या मैत्रिणींसमोर ओशाळते. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, नोकरी गाड्यांच्याच धंद्यातली पण कॉम्प्युटरवरची, हाताला काळं लागत नाही असली. गाडीच्या चासी नंबरात दुसरं अक्षर 'एफ' आहे, म्हणजे ती इथून अर्ध्या तासावर डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनलेली. सॅन होजेची असती तर 'आर' असतं, मेटचनची असती तर 'टी'. त्या एका वर्षात अशा उघड्या मस्टँग बहात्तर हजारांवर विकल्या गेल्या, म्हणजे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही, जुन्या गाड्यांच्या दुनियेत ती म्हणजे आपली लूना. पण माझ्या गाडीला पॉवर टॉप आहे, म्हणजे बटणावर चालणारा टप, तो त्या काळी जादा पैसे मोजून घ्यावा लागायचा, नाहीतर हाताने उघडा आणि हाताने लावा. कुणीतरी साठ वर्षांपूर्वी शोरूममध्ये बसून ते जादाचे पैसे मोजले, आणि त्या हौशीचं ऑइल माझ्या आईच्या साडीवर आलं.

टप उघडायचा म्हणजे एक छोटी पूजाच असते. इंजिन चालू ठेवायचं, कारण ती मोटर करंट भरपूर खाते आणि नुसत्या बॅटरीवर चालवली तर कण्हते. मागची प्लास्टिकची खिडकी आधी चेन काढून सैल सोडायची, नाहीतर तिला घडी पडते आणि ती घडी जन्माची. काचेच्या वरचे दोन लॅच सोडायचे, सन व्हायजर बाजूला करायचे. मग डॅशबोर्डखालचं बटण. आणि मग तो आवाज येतो, मागच्या सीटच्या पाठीमागून, उंऽऽऽ असा, पिठाच्या गिरणीचा पट्टा लांबून ऐकू यावा तसा, आणि अख्खं छप्पर पुढून उचलतं, आभाळात एकदा उभं राहतं, मग आपल्याच आतड्यांत दुमडत मागे जाऊन बसतं. मी विकत घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने इंजिनही दाखवायच्या आधी हे दाखवलं होतं. शहाणा माणूस. मी तिथंच खलास झालो. टप वर येताना डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं मागे राहते हे मला दिसलं होतं, पण त्या वेळी ते लाडिक वाटलं, एक भुवई उडवल्यासारखं.

सीटमागे त्या पंपापाशी पत्र्याचा रंग फुगलेला होता. फोड आल्यासारखा, नखाने टोकरला तर पापुद्रा निघायचा. म्हटलं, गंज. मिशिगनची गाडी, रस्त्यावर मीठ, गंज असणारच. त्या पापुद्र्याकडे मी दोन वर्षं बघत होतो.

ऑगस्टात आईला घेऊन वुडवर्डवर गेलो होतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून, फर्नडेलपासून पाँटियाकपर्यंत नुसत्या गाड्या, आणि दोन्ही कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. आपल्याकडे पालखी बघायला बसतात तसेच, फक्त हातात थंड डबे. आईला मी पुढे बसवलं होतं, टप खाली, डोक्याला तिने स्कार्फ बांधलेला, आणि एक बाई कडेवरून ओरडली की किती सुंदर, तर आईला वाटलं तिच्या साडीबद्दल, आणि तिने हात जोडून नमस्कार केला. मी तिला सांगितलं नाही की गाडीबद्दल होतं. कदाचित नव्हतंही. तिला मी ऐकवत होतो, हा रस्ता बघ, इथे सहा मैल आणि सात मैल या रस्त्यांच्या मध्ये १९०९ साली काँक्रीटचा हायवे केला, एक मैलाचा, लोक बघायला यायचे. आई म्हणाली, "आमच्याकडं अजून बघायला येतील." मग चारला आभाळ भरून आलं. मी कडेला घेतली, बटण दाबलं, उंऽऽऽ सुरू झालं, टप उचलला, अर्ध्यात आला, आणि थांबला. मोटर ओरडतेय, टप हलत नाही. डावीकडे कललेला, आभाळात उभा. पहिले थेंब पडले. तेवढ्यात फुटपाथवरून दोन माणसं आली, एक म्हातारा, एक त्याचा मुलगा असावा, काही न विचारता एकेका बाजूला उभे राहिले, म्हाताऱ्याने तीन बोटं दाखवली, दोन, एक, आणि दोघांनी बरोबरीने टप पुढे आणून लॅचवर बसवला. एका बाजूने ओढला असता तर चौकट पिळली असती. आई भिजली होती आणि हसत होती. मी हसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मागची सीट काढली. हे सोपं असतं, खालची गादी गुडघ्याने मागे रेटून उचलायची आणि पाठीचे स्क्रू काढायचे. पंप, त्याला जोडलेली ऑइलची छोटी टाकी, टाकीला भरायचं बूच. ऑइल बघायचं तर टप वर असतानाच बघायचं, कारण तेव्हा टप ढकलणाऱ्या दोन सिलिंडरचे दांडे बाहेर आलेले असतात, आत जास्त ऑइल मावतं आणि टाकीत सगळ्यात कमी उरतं. टप मिटलेला असताना दांडे आत, दांड्यांनी जागा खाल्लेली, तेवढं ऑइल टाकीत परत, आणि आपल्याला वाटतं भरलेलीच आहे की. एवढं मला माहीत होतं. बूच काढलं, वरून पाव इंचच रिकामं असायला हवं, तर निम्मी टाकी रिकामी, आणि होतं ते फिकट तपकिरी. आता यात घालतात ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ते नवं असताना कुंकवासारखं लाल असतं. हे तपकिरी का, तर जुनं झालं असेल, रंग उडाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाटली आणली, लाल ऑइल ओतलं, बूच लावलं, टप चार वेळा वरखाली केला की आतली हवा निघून जाते. चालला. दोन आठवडे छान चालला. मी ऑफिसात दोघांना सांगितलंसुद्धा की स्वतः दुरुस्त केला.

आणि मग ती साडी.

आईने साडी माझ्याकडे धरली. "बघ की नीट." डाग दोन रंगांचा होता. मध्ये गुलाबी, आणि त्याच्या कडेने पिवळट फेर. म्हणजे आधी तसा होता. आता पिवळट फेर जवळजवळ नव्हता. साबण नाही, काही नाही, नुसत्या गार पाण्यात तो विरघळून गेला होता. गुलाबी मात्र जसाच्या तसा, पाण्याचे थेंब त्याच्यावरून आळवाच्या पानासारखे घरंगळत होते. "ऑइल पाण्यानं जातंय होय? आयुष्य गेलं माझं ह्यांचे कपडे धुण्यात. ऑइलला रॉकेल लागतं. पाण्यानं जातंय ते ब्रेक ऑइल." मी काही बोललो नाही, बोलायचं ते बोलून झालं होतं. मग ती म्हणाली, "तुझ्या लाल सायकलीचा रंग कशानं गेला होता?"

अण्णांचं वर्कशॉप कोल्हापुरात उद्यमनगरात. दोन लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचा सेट, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये जॅकचं काम. ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉल्या यायच्या, मुरूम, वाळू, शेणखत वाहणाऱ्या, त्यांचा जॅक बसला की अण्णांकडे. जॅक बसला, सील गेलं, एअर धरलीय, ऑइल मारतंय, असल्या भाषेत आमच्या घरी जेवताना बोलणं चालायचं, पाहुण्यांना वाटायचं कुणी आजारी आहे. मी दहावीच्या सुट्टीत तिथे बसायचो, माझं काम म्हणजे खोललेला माल रॉकेलच्या थाळीत ब्रशने धुणे. नवीन सील, म्हणजे दांड्याभोवतीची ऑइल अडवणारी रबरी कडी, बसवताना अण्णा कुणालाही हात लावू देत नसत. सीलच्या ओठाला आधी ऑइल लावायचे, मग बोटाच्या पेराने चारी बाजूंनी फिरवत आत घ्यायचे, पेचकस लावला तर शिव्या. दांड्यावर नख फिरवून बघायचे, ओरखडा नखाला लागला तर सील कितीही नवं घाला, महिन्यात परत येणार. एवढं सगळं मला पाठ होतं आणि तरी मी बूच उघडून त्यात बाटली ओतली. इंजिनिअरिंग करून.

संध्याकाळी अण्णा घरी यायचे ते लाकडाच्या भुशाने आणि साबणाने हात घासून, तरी नखं काळीच. शर्ट दारातल्या वेगळ्या बादलीत. ती बादली फक्त आईची. तिचा नियम होता, आधी नुसतं पाणी, मग बघायचं काय राहतंय, मग रॉकेलचा बोळा, मग पाचशे एकची वडी. मला वाटायचं काटकसर. ती खरं तर बादलीत बघून सांगू शकायची आज दिवसभर काय काम झालं. आज वेल्डिंग जास्त होतं, बाहीला बारीक भोकं. आज लेथवर बिडाचं काम, पाणी काळंशार. आज जीपचं काम, ब्रेकचं, काही घासायला लागलं नाही. आणि कधी ती जेवताना म्हणायची, "आज जॅक फार गळत होता वाटतं," तर अण्णा वर न बघता म्हणायचे, "तुला यातलं काय कळतंय." चिडून नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. ती पण हसायची. मी पण हसायचो. सायकलीचं म्हणजे, मी शेडमध्ये सायकल लावली होती आणि वरच्या फळीवर ब्रेक ऑइलचा उघडा डबा कलंडला. पुसून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी बारच्या नळीवरचा लाल रंग सुरकुतला, फुगला आणि सालासारखा निघाला. मी रडलो होतो. अण्णांनी दुसऱ्या रंगाने रंगवून दिली, उरलेला ट्रॅक्टरचा निळा.

रात्री अकराला मी टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो. सीटमागचा तो फुगलेला रंग. गंज असता तर खाली तपकिरी पूड असती. पापुद्रा काढला, खाली स्वच्छ पत्रा.

म्हणजे झालं असं होतं, की आधीच्या कुणा मालकाने त्यात ब्रेक ऑइल भरलं होतं. मूर्खपणा म्हणता येत नाही, कारण ह्या गाडीच्याही आधीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांच्या टपात खरोखर ब्रेक ऑइलच असायचं, आणि कुणातरी म्हाताऱ्या मेकॅनिकच्या डोक्यात तेच बसलेलं असणार. पण दोन्हींचा संसार होत नाही. एक पाण्याच्या जातीचं, एक तेलाच्या. सीलचं रबरही त्या त्या जातीचं, एकाचं रबर दुसऱ्यात ठेवलं की फुगतं, मऊ पडतं, भाकरीचा तुकडा आमटीत राहिल्यासारखं. माझ्या गाडीतली सीलं तेलाच्या जातीची, वर्षानुवर्षं चुकीच्या ऑइलात मुरलेली, कशीबशी तग धरून होती, आणि मी वरून बरोबर ऑइल ओतून त्याची भेळ केली. साडीवरचा पिवळा फेर आधीच्या मालकाचा होता. गुलाबी डाग माझा. आणि आधीच्याचा धुतला गेला.

पुढचे तीन शनिवार-रविवार त्यात गेले. आई वरून चहा आणून द्यायची आणि मग जायची नाही, पालथी बादली घेऊन बसायची. मी तिला समजावत होतो की ट्रॉलीचा जॅक आणि हा यात फरक काय. ट्रॉलीचा जॅक फक्त वर ढकलतो, खाली यायला ट्रॉलीचं वजन असतंच. टपाचं तसं नाही, तो जाताना पण ढकलायचा आणि येताना पण, म्हणून सिलिंडरला दोन्ही टोकांना पाइप. मोटर एका बाजूला फिरली की ऑइल दोन्ही सिलिंडरच्या खालच्या टोकात, दांडे बाहेर, टप वर. उलटी फिरली की वरच्या टोकात, दांडे आत. पंप एकच, सिलिंडर दोन, डावा आणि उजवा, आणि ऑइल लबाड असतं, ज्या बाजूला सोपं जातं तिकडे आधी जातं. आई म्हणाली, "माणसासारखंच." मग जरा वेळाने, "ह्यांनी मला हे कधी सांगितलं नाही. मीच कपड्यांवरनं ओळखायची." मी पाइप सोडवत होतो, मान वर केली नाही. तेव्हा म्हणायला हवं होतं काहीतरी. पाइपातून तांबडं-पिवळं पाणी डब्यात पडत होतं आणि डब्यात दोन थर वेगळे होऊन बसत होते, तिने ते वाकून बघितलं आणि मान हलवली, भात नीट शिजलाय अशी.

सिलिंडर सुटे केल्यावर एक परीक्षा घ्यायची असते. दांड्यांची पिन काढायची आणि टप हाताने उचलून मिटून बघायचा, म्हणजे सांधे अडतायत का ते कळतं. नाहीतर गाढवासारखे नवे सिलिंडर घालायचे आणि दोष निघायचा बिजागरीत. ह्याला दोन माणसं लागतात. शेजारचे आजोबा आले, ते गाड्यांच्याच कारखान्यातून रिटायर, तीस वर्षं लाइनवर, आणि त्यांनी आयुष्यात एकही उघडी गाडी घेतली नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, चार पोरं होती, उडून गेली असती. ते उजवीकडे, मी डावीकडे, आणि आई मध्ये बादलीवरून उठून उभी, तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठीचा गंध नाही. मी जरा घाईने उचललं तशी ती ओरडली, "सावकाश! पिळतंय ते!" आजोबा थांबले. मी थांबलो नाही, मला अजून दोन इंच घ्यायचं होतं. आजोबा मला म्हणाले की तुझी आई थांब म्हणतेय. डाव्या बाजूचा मधला सांधा कोरडा ठाक होता, बाकीचे लोण्यासारखे. ग्रीस नाही, इंजिन ऑइलचे चार थेंब घातले, ग्रीस घातलं की धूळ धरतं आणि मग ते टपाच्या कापडाला माखतं.

अडाणी प्रश्न माझ्या मनात येतोच मधूनमधून, की एवढा खटाटोप कशासाठी. छप्पर उघडायला. वर्षातून पाच महिने, त्यातले पावसाचे वजा. आणि ही काही एका माणसाची हौस नाही, १९३९ साली प्लिमथने पहिल्यांदा बटणावर उघडणारा टप आणला, तोही हायड्रॉलिक नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, तेव्हापासून ह्या देशाने किती डोकं त्यात घातलंय. मग एअर कंडिशनर आले, लोकांनी काचा वर केल्या, सरकार गाडी उलटण्याबद्दल कडक नियम आणणार अशी हवा झाली, आणि १९७६ साली कॅडिलॅकने एल्डोराडो विकली ती ही शेवटची उघडी अमेरिकन गाडी म्हणून. लोकांनी कपाटात ठेवायला म्हणून घेतल्या. आणि सहा वर्षांत, १९८२ला, क्रायसलरने परत सुरू केल्या! मला तो शेवटचं-शेवटचं म्हणून विकण्याचा प्रकार आमच्या गल्लीतल्या साडीच्या सेलसारखा वाटतो. कोल्हापुरात उघडी गाडी म्हणजे जीप, तिचं हूड म्हणजे जाड कॅनव्हास, पट्ट्यांनी बांधलेलं, आणि ते उघडायचं कारण हौस नसून लग्नाचं वऱ्हाड. त्याला ना सील ना पंप. गळलंच तर पाऊस गळायचा.

दोन्ही सिलिंडर नवे घातले, जोडीने, कारण एक नवा एक जुना घातला तर परत डावं-उजवं सुरू. पाइप सगळे नवे, जुने वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे कडक झालेले. पंप खोलला, आतल्या भेळीचा चिकटा धुतला, मोटर आणि पंपामधली ओ-रिंग बदलली. नवीन सिलिंडरच्या दांड्यावर मी नख फिरवलं, गरज नव्हती, नवाच होता. आईने पण फिरवलं. लाल ऑइल भरलं, बूच सैल ठेवून हळूहळू टप वर, खाली, वर, परत थोडं ऑइल, मोटरचा आवाज आधी घशात पाणी अडकल्यासारखा खुळखुळत होता, मग तिसऱ्या-चौथ्या फेरीला एकदम भरीव झाला. "निघाली एअर," आई म्हणाली, माझ्या आधी.

आणि डावी बाजू अजूनही मागे राहते. दोन बोटं नाही, एक. शेजारच्या आजोबांचं म्हणणं, चौकटच कधीतरी एका बाजूने ओढून पिळली गेली आहे, आता ती तशीच जाणार.

आई नोव्हेंबरात परत गेली. त्याच आठवड्यात मी गाडी थंडीसाठी ठेवून दिली. टप वर करून, कारण मिटून ठेवला तर महिनोन्‌महिन्यांची घडी कापडात आणि खिडकीत बसते, आणि पूर्ण वाळवून, ओला मिटला तर बुरशी. बॅटरी काढून शेल्फवर. सीटमागचा पत्रा घासून रंगवला, गाडीचा मूळचा निळा मिळाला नाही तंतोतंत, थोडा गडद आलाय, पण तो सीटमागे आहे. सिलिंडरखाली कार्पेटवर एक पांढरा कागद ठेवला होता, दर रविवारी जाऊन बघायचो, कोरा. साडी तिने जाताना बॅगेत भरली. मी म्हटलं होतं, इथे ड्रायक्लीनला देऊया, ते काढतात. तर म्हणाली, राहू दे, तिकडे रॉकेल मिळत नाही आता पण बघते काहीतरी.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर गाडी बाहेर काढली त्या दिवशी तिला व्हिडिओ कॉल लावला. ती कुणाच्यातरी मुलीच्या साखरपुड्याला गेली होती, हॉलमध्ये गोंगाट, आणि अंगावर तीच इरकल. मी तिला टप दाखवायच्या आधी तिला म्हटलं फोन जरा लांब धर, आणि काठाच्या वर शोधायला लागलो.

"काय बघतोयस?"

"डाग गेला?"

"न्हाई गेला. निऱ्यांत घालते, दिसत न्हाई." मग मागून कुणीतरी तिला जेवायला हाक मारली, ती आलेऽ म्हणाली, आणि फोन परत तोंडाजवळ आणून म्हणाली, "कागद कोरा हाय का?"

म्हटलं, आहे.

"मग दाबून दाखव बटण. आवाज ऐकू दे."

मी फोन मागच्या सीटवर ठेवला, इंजिन चालू केलं आणि बटण दाबलं.